ब्रासमध्ये मोजलेली नदी

जालन्याहून मंठा सोडून जिंतूरच्या दिशेनं निघालं की परभणी जिल्ह्यात देवगाव फाटा लागतो. इथून एक रस्ता दक्षिणेला सेलू, पाथरी, सोनपेठ करत परळीकडं उतरतो, दुसरा चारठाण्यावरून जिंतूर गाठतो. चहाची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, जीपची वाट बघत उभी असलेली माणसं. मराठवाड्यात असे फाटे पैशाला पासरी. तिथं उभं राहून कुणी समुद्रकिनाऱ्याच्या धुपेबद्दल बोलायला लागलं तर ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडं बघेल. कोकणचा किनारा सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्री आडवा.

पण या मुलखाचा समुद्र पश्चिमेला नाहीच. फाट्याच्या उत्तरेला पूर्णा वाहते, दक्षिणेला सेलूच्या खालून दुधना. दुधना पुढं पूर्णेला मिळते, पूर्णा कंठेश्वरजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी नांदेड, तेलंगण, आंध्र असं करत बंगालच्या उपसागराला जाते. फाट्यावरच्या पत्र्यावरून पावसाचं पाणी कुठल्याही बाजूला ओघळलं तरी त्याची शेवटची वाट पूर्वेचीच. १,४६५ किलोमीटर लांबीची ही नदी ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्यातून पाणी नेते, तशी मातीही नेते. राजमहेंद्रीच्या खालचा सगळा त्रिभुज प्रदेश, तिथली भातशेती, नारळाच्या बागा, वसिष्ठा फाट्याच्या मुखाशी असलेलं अंतर्वेदीचं नरसिंहाचं देऊळ, हे सारं या मातीवर उभं आहे. परभणीचा किनारा शोधायचा तर तो तिथं सापडतो. आणि तो किनारा झिजतो आहे.

पंचवीस वर्षांत अठरा चौरस किलोमीटर

विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा हिशेब मांडला. १९७६ ते २००१ या काळातली उपग्रहचित्रं आणि नकाशे त्यांनी ताडून पाहिले. कुठं जमीन वाढली होती, कुठं गेली होती. वजाबाकी केल्यावर निव्वळ तोटा निघाला १,८३६ हेक्टरांचा, म्हणजे अठरा चौरस किलोमीटरांहून जास्त. याच काळात नदीनं समुद्राकडं नेलेला गाळही घटला होता. १९७१ ते १९७९ मध्ये वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ जात होता. १९९० ते १९९८ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. पाऊस तेवढा काही घटला नव्हता. मधल्या काळात धरणं झाली होती.

किनारा म्हणजे येणं आणि जाणं यांच्यातली तडजोड. लाटा वाळू उचलून नेतात, नदी नवी आणून टाकते. आणणारा हात आखडला की लाटांचं नेणं उघडं पडतं. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावात ते कुणालाही दिसतं. जामदानी साड्यांसाठी नाव कमावलेल्या या गावातली घरं समुद्रानं ओढून नेली आणि काकीनाड्याहून येणारा किनाऱ्यालगतचा रस्ता दर मोठ्या वादळात तुटतो. तिथल्या झिजेला नदी एकटी कारण नाही. गोदावरीच्या मुखाशी तयार झालेल्या वाळूच्या लांब दांड्यानं लाटांची दिशा बदलली, बंदराच्या बांधकामांनी किनाऱ्यालगत सरकणारी वाळू अडवली. तरी नदीकडून येणारा पुरवठा आटला, हे त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातल्या मुख्य भूमीच्या ६,९०७ किलोमीटर किनाऱ्याची पाहणी केली. त्यातला ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे, २६.९ टक्के वाढतो आहे, उरलेला स्थिर आहे. महाराष्ट्राच्या ७३९ किलोमीटरांपैकी साधारण चौथा हिस्सा झिजणाऱ्यांत मोडतो. मालवणच्या देवबागेत समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्या लोकांना हे कळायला उपग्रह लागत नाही. पण गाऱ्हाणं आणि पुरावा यांत फरक असतो, आणि तो फरक मोजणीनं पडतो.

दोन काठ्या आणि क्षितिज

किनारा मोजायला फार महाग साधनं लागतातच असं नाही. अमेरिकी सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये एक रीत सांगितली, ती आजही जगभर वापरतात. सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या घ्यायच्या. एक माणूस वर, दुसरा ठरलेल्या अंतरावर समुद्राच्या बाजूला. वरच्यानं खालच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत धरायचं. ती रेषा आपल्या काठीवर जिथं येईल तेवढा मधला उतार. असं एकेक पाऊल पाण्यापर्यंत उतरत गेलं की वाळूचा काटछेद कागदावर येतो. दर महिन्याला त्याच खुणेपासून त्याच दिशेनं मोजलं की किनाऱ्यानं किती कमावलं, किती घालवलं, ते कळतं.

सिडनीजवळच्या नॅराबीन किनाऱ्यावर १९७६ पासून असं मोजमाप चालू आहे. एवढ्या वर्षांच्या नोंदींमुळं तिथले अभ्यासक आज ठामपणे सांगू शकतात की एखाद्या वादळानं नेलेली वाळू किती महिन्यांत परत येते आणि कोणती परत येत नाही. एका दिवसाच्या फोटोवरून हे सांगता येत नाही. कोकणातही पावसाळ्याच्या लाटा वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात बरीचशी परत आणून टाकतात. जूनमध्ये पाहिलेला किनारा आणि जानेवारीत पाहिलेला किनारा यांवरून दोन माणसं भांडू शकतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

नदीत हे चक्र उलटं फिरतं. नदी वाळू आणते ती पावसाळ्यात, आणि वाळू जाते ती उघडिपीच्या आठ महिन्यांत. समुद्र नेतो त्यातलं बरंच परत करतो. डंपरात भरून गेलेली वाळू कधी परत येत नाही. मग समुद्रकिनाऱ्यापेक्षा नदीच्या पात्राचीच मोजणी जास्त काटेकोर हवी. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या नद्यांची वाळू आपण मोजतो ती गाडीत चढल्यावर.

वाटेत अडलेला गाळ

देवगाव फाट्याच्या आसपासच्या ओढ्यातून निघालेला एखादा वाळूचा कण आज अंतर्वेदीपर्यंत पोचेल का? त्याची वाट पाहिली की उत्तर मिळतं. दुधनेत पडला तर सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना धरण आहे. पूर्णेत पडला तर येलदरी आणि सिद्धेश्वर आहेत. तिथून निसटला तर गोदावरीवर नांदेडचं विष्णुपुरी, मग बाभळी, आणि राज्याची हद्द ओलांडली की तेलंगणातलं पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर. वरच्या अंगाला पैठणचा नाथसागर १९७६ पासून उभा आहे आणि त्याच्या खाली गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे बंधारे ओळीनं आहेत.

हा गाळ कुठं जातो याचा सगळ्यांत बोलका पुरावा श्रीरामसागरात सापडतो. ११२ टीएमसीचं म्हणून बांधलेलं ते धरण आज ८० टीएमसीच्या आसपास पाणी धरतं. उरलेली जागा गाळानं घेतली, आणि त्यातला मोठा हिस्सा मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा आहे. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ठरवून दिलं. तो निवाडा पाण्याच्या वाटपाचा होता. पण पुराच्या दिवसांत दरवाजे उघडे राहिले की पाण्याबरोबर गाळही पुढं सरकतो, हा त्याचा न मागता मिळालेला फायदा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपला काळा पाषाण झिजला की त्याची माती जास्त होते, वाळू कमी. गोदावरीच्या मुखाशी पोचणारी वाळू बरीचशी प्राणहिता आणि इंद्रावती या उपनद्यांनी पूर्वेच्या कठीण खडकातून आणलेली असते. त्यामुळं दुधनेतली वाळू उपसली म्हणून उप्पाड्याचं घर पडलं, असं सरळ सूत मांडता येत नाही. पण याच कारणानं आपली वाळू अधिक मोलाची ठरते. जिथं नदी मुळातच थोडी वाळू तयार करते आणि वरच्या धरणांनी तीही अडवली आहे, तिथं पात्रातली वाळू म्हणजे जवळपास सगळा जुना साठा. तो दरवर्षी भरून निघतो, हे गृहीतच चुकीचं असू शकतं. धरणातून सुटलेलं नितळ पाणी तर रिकाम्या हातानं येतं आणि खालच्या पात्रातलीच वाळू खरवडून नेतं.

एका ब्रासमधलं पाणी

वाळू ब्रासनं विकली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. पात्रातल्या वाळूत साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते आणि पावसाळ्यानंतर ती पाण्यानं भरलेली असते. म्हणजे एक ब्रास वाळू उचलली की सुमारे नऊशे-साडेनऊशे लिटर पाणी मावण्याची जागा नदीतून उठते. त्यातलं सगळं पाणी विहिरीला मिळतं असं नाही, काही कणांना चिकटून राहतं. पण ही टाकी वरून झाकलेली असते, उन्हानं तिच्यातलं पाणी फार उडत नाही, आणि ते गाळून मिळतं.

जुन्या माणसांना हे पाठ होतं. उन्हाळ्यात नदी कोरडी पडली की पात्रात झिरा उकरायचा, हात-दीड हातावर पाणी लागायचं, गढूळ पाणी उपसून टाकलं की खालून नितळ पाणी भरायचं. गोदावरी आणि पूर्णेच्या वाळवंटात टरबूज-खरबुजांच्या वाड्या व्हायच्या त्याही या ओलीवर. गंगाखेडला गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या वाळवंटात माणसाच्या जन्मापासून दशक्रियेपर्यंतचं सगळं पार पडायचं. वाळू गेली की खाली उरतो खडक नाहीतर चिकट गाळ. पुराचं पाणी त्यावरून सरसर निघून जातं, काठ ढासळतात, पुलाचे खांब उघडे पडतात. पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणीही त्या पातळीला खेचलं जातं. विहीर आटली म्हणून शेतकरी बोअर घेतो. बोअरचा खर्च त्याच्या खात्यात पडतो, वाळूची किंमत दुसऱ्याच्या.

माळवद ते स्लॅब

फाट्याजवळच्या चारठाण्यात यादवकाळातली देवळं आहेत. दगडावर दगड चढवलेले, मध्ये चुना-वाळूचा थर नाही. मराठवाड्यातलं साधं घरही माळवदाचं असायचं: जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. चिरेबंदी वाड्याला चुन्यात घालायला वाळू लागायची, पण ती गावच्या नदीतून चार बैलगाड्या. नदीला ते जाणवायचं नाही.

आता घर म्हणजे स्लॅब. माळवद गळतं, दरवर्षी माती टाकावी लागते, लाकूड मिळत नाही, आणि पक्कं घर हवं असं वाटण्यात गैर काहीच नाही. घरकुल योजनेत पंचवीस चौरस मीटरचं घर बांधायचं म्हटलं तरी वाळू लागते. राज्य सरकारनं घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं ठरवलं ते म्हणूनच. त्याच्या कितीतरी पट वाळू रस्ते, पूल, शहरातल्या इमारती यांत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. पाण्यानंतर माणूस सर्वाधिक वापरतो तो पदार्थ हाच.

पर्याय आपल्या पायाखाली आहे. काळ्या पाषाणाच्या मुलखात दगड भरडून वाळू करता येते आणि राज्यानं २०२५ मध्ये कृत्रिम वाळूसाठी वेगळं धोरणही आणलं. क्रशरची धूळ, डोंगर पोखरणं हे त्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. पण खाणीचा खड्डा निदान एका जागी राहतो, दिसतो, मोजता येतो. नदीतला खड्डा पुढच्या पुरात सरकतो आणि कुणाचा होता ते सांगता येत नाही.

पहारा रस्त्यावर

वाळूवरचा कायदा कमी नाही. जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड आहे, वाहन जप्त करता येतं. रायगड जिल्ह्यात किहीमच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये वाळू चोरणाऱ्यांना अडवताना सुमेरा अब्दुलाली यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या 'आवाज फाउंडेशन'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये राज्यातला वाळूउपसा काही काळ थांबवला. २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांपेक्षा लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. २०१६ आणि २०२० मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. राज्याची धोरणंही पाठोपाठ बदलत गेली: आधी लिलाव, मग २०२३ मध्ये सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रास, मग २०२५ मध्ये पुन्हा लिलाव.

या सगळ्या बदलांत एक गोष्ट कायम राहिली. नजर ठेवली जाते ती वाहनावर. 'महाखनिज' प्रणालीवरचा परवाना, गाडीला जीपीएस, नाक्यावर कॅमेरा, रात्री फिरतं पथक. पूर्णेची वाळू असो की दुधनेची, ती मोठ्या रस्त्याला लागते अशाच एखाद्या फाट्यावर, आणि पहाराही तिथंच बसतो. मग समोरच्यांचीही यंत्रणा उभी राहते. तहसीलदारांची गाडी कार्यालयातून निघाली की कुठं वळली, याचं 'लोकेशन' मोबाइलवर फिरतं; पथक येईपर्यंत हायवा शेतात वळलेला असतो आणि पाण्याखालची वाळू ओढणारी ट्रॅक्टरची केनी काठावर उभी असते. पथकानं गाडी पकडली तर दंड होतो. पकडली नाही तर काहीच झालेलं नसतं, कारण नदीत काल किती वाळू होती याची नोंदच नाही.

हे पासबुकात फक्त पकडलेल्या चोऱ्या लिहिण्यासारखं आहे. जमा किती, शिल्लक किती, हे रकाने कोरे.

ते रकाने भरायची तरतूद नियमांत नाही असं नाही. २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पात्राची उंची वर्षातून चारदा मोजावी: एप्रिलमध्ये, पावसाळ्यासाठी वाळूघाट बंद करताना, पावसाळा संपल्यावर आणि मार्चअखेर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीतला फरक म्हणजे नदीनं आणलेली वाळू, तिसऱ्या आणि चौथीतला फरक म्हणजे माणसानं नेलेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नरसिंह आणि न्या. चांदूरकर यांच्या पीठानं यावर शिक्कामोर्तब केलं. श्रीनगरच्या रिंगरोडसाठी शालिगंगा नाल्यातून खनिज काढण्याचं ते प्रकरण होतं. वाळू किती भरून येते याचा अभ्यास नसेल तर जिल्हा सर्वेक्षण अहवाल अपुरा, आणि त्याच्या आधारे पर्यावरण मंजुरी देता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आपल्याकडं आहेत: गोदावरीवर ढालेगाव आणि गंगाखेडचा रेल्वे पूल, दुधनेवर झरी, पूर्णेवर पूर्णा. पण तिथला भर पाण्याच्या पातळीवर आणि विसर्गावर असतो. गाळ मोजला तरी तो पाण्यात तरंगणारा. तळाशी घसरत, उड्या मारत सरकणारी वाळू पुराच्या पाण्यात मोजणं अवघड असतं. तिचा माग काढायचा तर पूर ओसरल्यावर पात्रच मोजावं लागतं.

लेव्हलची नळी

नदीत एमरी यांच्या काठ्या चालणार नाहीत, कारण तिथं समुद्राचं क्षितिज नाही. पण गावातल्या प्रत्येक गवंड्याकडं क्षितिजापेक्षा चांगलं साधन आहे: पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी. जोत्याचे दोन कोपरे एका पातळीत आणायला तो ती रोज वापरतो. नदीच्या घाटाची न हलणारी पायरी किंवा पुलाच्या खांबावर रंगानं मारलेली रेघ ही कायमची खूण धरायची. तिथून पलीकडच्या काठापर्यंत दोरी ताणायची आणि दर पाच मीटरवर नळी व खुणा केलेली काठी लावून पात्र त्या रेघेपेक्षा किती खाली आहे ते लिहायचं. दोनशे मीटर रुंद पात्राला चाळीस नोंदी होतात. शाळेच्या नववी-दहावीच्या मुलांना, भूगोलाच्या शिक्षकाला आणि एका गवंड्याला मिळून हे जमतं. वाळूघाटाच्या वर, वाळूघाटावर आणि त्याच्या खाली अशा तीन ओळी मोजल्या तर उपशाचा परिणाम कुठवर जातो तेही दिसतं.

असल्या मोजणीत दोन-चार सेंटीमीटरची चूक राहील. ड्रोन आणि उपग्रहाच्या आधारानं केलेल्या सर्वेक्षणाची सर तिला नाही. पण पात्र मीटरभर खोल गेलं असेल तर ते या नळीलाही कळतं. आणि ज्या नोंदी गावानं केल्या, त्या गावाकडं राहतात. ठेकेदारानं नेमलेल्या सल्लागाराच्या अहवालात त्या बंद होत नाहीत.

वाळू अजिबात उपसू नका, असं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही आहे. घरकुलं उभी राहायची आहेत आणि कृत्रिम वाळू अजून गावोगावी पोचलेली नाही. प्रश्न एवढाच आहे की कुठून, किती आणि कोणत्या वर्षी अजिबात नाही. दुष्काळी वर्षी नदीला पूरच आला नाही तर नवी वाळू आलेली नसते, तरी लिलावाच्या कागदावर ब्रासचा आकडा छापलेलाच असतो. त्या आकड्याला गावानं तीन प्रश्न विचारायचे. कधी मोजला? कोणत्या खुणेपासून मोजला? मागच्या वर्षी त्याच खुणेपासून किती होता? या प्रश्नांना उत्तर नसेल तर मंजुरी टिकत नाही, हे आता न्यायालयानंच सांगितलं आहे.

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला दुधनेचं आणि पूर्णेचं पाणी उतरत असतं आणि वाळूघाट अजून सुरू व्हायचे असतात. चारांपैकी सगळ्यांत महत्त्वाच्या, पावसाळ्यानंतरच्या मोजणीचे हेच दिवस. शाळांना सुट्टी असते आणि लेव्हलची नळी गवंड्याच्या घरी असते.